करंजाखालचा झिरा

“राहीआज्जी, करंजाखालचा झिरा कुणाचा हो?”

उमानं विचारलं आणि मागं वळून बनूकडं अशा ऐटीत पाहिलं, की बघ, विचारलं की नाही! पैज मैत्रिणींनीच लावली होती. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘माणगंगेचा भूगोल आणि इतिहास’ घडाघडा बोलून उमानं पहिला नंबर पटकावला होता. साताऱ्याच्या डोंगरात उगम, मग म्हसवड, मग आटपाडी, शेवटी भीमेच्या पदरात. तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. “सगळी नदी पाठ हाय न्हवं तुला? मग येवढं इचारून दाव,” बनू म्हणाली होती.

त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात नदी म्हणजे नुसती वाळू. प्रत्येक घरानं पात्रात आपापला झिरा खणलेला. कमरेइतका खड्डा आणि तळाशी पाझरणारं पाणी. बायका वाटीवाटीनं घागरी भरायच्या. पहिली वाटी वाळूला परत द्यायची, ही रीत. पूर आला की झिरे बुजायचे, पुढल्या वर्षी नवे खणायचे. वळणावरच्या करंजाखालचा तेवढा दरवर्षी त्याच जागी आयता खणलेला असायचा. काठोकाठ भरलेला. त्यातून कुणी थेंब काढत नव्हतं. एवढ्या दुष्काळातसुद्धा.

उमाचा प्रश्न ऐकला आणि वाळूत खरडणाऱ्या सगळ्या वाट्या थांबल्या.

राहीबाईनं पदर तोंडाला लावला. “इचारलंस? आगं, इचारायचं नसतंय त्ये.”

“का पण?”

“माज्या थोरल्या भनीनं इचारलं हुतं. मनूनं. लगीन ठरलं हुतं तिचं, म्हसवडला. तर म्हनली, मी न्हाई जायची, पानी कोन काढंल? मग रोज तितंच बसायची.” म्हातारी घुटमळली. “येक दिस निस्ती वाटी घावली.”

उमा हसली. जरा मोठ्यानंच. गावातली शाळा सातवीला संपली होती. जूनमध्ये ती सांगलीला जाणार होती, वसतिगृहात राहून शिकायला. नवीकोरी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर वडिलांनी, अण्णांनी, स्वतः रंगवलेलं तिचं नाव. तिला कोण अडवणार होतं? वाळूतला खड्डा?

दुसऱ्या दिवशी त्यांचा झिरा आटला.

आईनं हातभर आणखी उकरलं. कोरडी, गरम वाळू. शेजारचे झिरे मात्र पाझरत होते. एरवी “आमच्यातलं घ्या की” म्हणणाऱ्या बायका घागरी उचलून लांब सरकल्या. बनू नजर चुकवत म्हणाली, “उमे, माज्या आईनं तुज्यासंगं बोलायचं न्हाई म्हनलंय.”

आई रिकाम्या घागरीनं घरी गेली. घरात प्यायला घोटभर पाणी नव्हतं. पाण्याला कसला आलाय धनी, असं स्वतःलाच ठणकावत उमा कळशी घेऊन करंजाकडं वळली.

टळटळीत ऊन होतं, पण झिऱ्याची कड ओली होती. कुणीतरी आत्ताच तळव्यानं सारखी केल्यासारखी. काठावर एक पितळी वाटी. भांड्यांवर घालतात तसं तिच्यावर नाव घातलेलं, पुसट झालेलं. मनुबाई.

उमा वाकली. पाण्याखालून आवाज येत होता. वाळूत वाटी खरडल्याचा. सावकाश, पुन्हा पुन्हा. कुणीतरी खालच्या बाजूनं भरत असल्यासारखा.

तिनं वाटी बुडवली. पाणी बर्फासारखं गार. सकाळपासून घसा सुकला होता.

पहिली वाटी वाळूला द्यायची होती.

ती तिनं प्यायली.

खालचा आवाज थांबला.

उमा घरी परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णा कंदील घेऊन शोधायला निघतच होते, आई दारात रडत उभी होती. “दुपारपासून कुठं होतीस गं?” उमानं भरलेली कळशी आणि ती पितळी वाटी खाली ठेवली. आत्ता तर गेले होते, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिची नजर आपल्या तळहातांवर गेली. ते सुरकुतून पांढरेफटक पडले होते.

“आणि ही वाटी कुणाची?” अण्णांनी ती कंदिलाजवळ धरली. “उमा,” त्यांनी वाचलं. “तुझं नाव कधी घातलं हिच्यावर?”

आईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. वर्षानुवर्षं वाळूनं घासल्यासारखी ती झिजली होती.

“अण्णा, ती ट्रंक कुणाला तरी देऊन टाका,” उमा शांतपणे म्हणाली. “मी न्हाई जायची सांगलीला. पानी कोन काढंल?”