भिंतीवरचा उलटा माड

उलटा माड.

गार चुना. त्याला समुद्राचा वास.

"भुताला दिवाळीची सुट्टी नसते का गं?" अंधारात समर्थ कुजबुजला.

खिळ्याएवढं ऊन.

डहाणूच्या जुन्या चर्चमध्ये तिघं बाकांवर उताणी पडली होती. भारती, समर्थ आणि पूर्वी, एकाच वर्गातली. भारतीचे बाबा, सुनिल, चर्चची देखभाल करायचे.

एरवी इथे दुधाळ उजेड असे. खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपले होते, ऊन त्यांतून गाळून येई. पण दुरुस्तीसाठी खिडक्या उतरवल्या आणि चिमणशेठ ठेकेदाराने तिथे प्लायवूड ठोकलं. आता नुसता अंधार.

"सुनिलने उतरवताना सगळ्या फोडल्या. चुरा मी खाडीत टाकला," शेठ फादरना म्हणाले होते.

बाबांनी तर हातही लावला नव्हता! पण आज संध्याकाळी चर्चची सभा होती. बाबांचं काम जाणार होतं.

"बाबा खोटं नाही बोलत," भारती पुटपुटली.

"माहितेय गं. पण पुरावा?" समर्थ म्हणाला.

"ए, भिंत बघा!" पूर्वी किंचाळली.

चुन्याच्या भिंतीवर एक माड खाली डोकं वर पाय उभा होता. शेजारी मागच्या अंगणातली शेड, तीही उलटी. एक कावळा उलटा तरंगत गेला.

"भूत!" समर्थ बाकाखाली.

"येड्या, बाहेरचं अंगण आहे ते! प्लायवूडला खिळ्याचं भोक राहिलंय. त्यातून उजेड आला की सगळं उलटं दिसतं," भारती म्हणाली.

तिघं बघतच राहिली. झोपेत असल्यासारखी.

शेडचं दार उघडलं. दोन उलटी माणसं. हातात उलटी चौकट. ती त्यांनी जपून टेम्पोत ठेवली. चौकटीत शिंपले चमकले.

"हा खाडीतला चुरा?" भारती ताडकन उठली. "पूर्वी, फादरना आण! पळ!"

बाहेर टेम्पो सुरू झाला होता. ड्रायव्हरशेजारी चिमणशेठ.

"शेठ, थांबा! आमचा बॉल चाकाखाली गेलाय!" समर्थ टेम्पोसमोर आडवाच पडला.

"अरे, हट ना बाबा!"

"डावीकडे असेल बघ," भारती म्हणाली.

बॉल नव्हताच!

फादर आले. मागोमाग सुनिल. फादरनी टेम्पोतलं गोणपाट उचललं. सगळ्या खिडक्या शाबूत!

"हे... हे पॉलिशला नेत होतो," शेठ म्हणाले.

"खाडीत पॉलिश करतात?" फादरनी विचारलं. "सभेला या. आता उत्तर तुम्ही द्यायचं. आणि पोरांनो, शाबास! तुम्ही तिघंही या. सगळ्यांसमोर सांगा."

सुनिल पुढे आले. त्यांनी भारतीच्या केसांतला चुना झटकला. झटकतच राहिले.

चर्च बांधलं जात होतं तेव्हा हे शिंपले शेजारच्या धाकटी डहाणू गावच्या बायकांनी ओहोटीला वेचून आणले होते.