हिल्डाबाईंचा जिना

जिन्यावर खुर्ची बसवायची म्हणजे आधी जिना मोजावा लागतो. रुळावरून सरकत म्हाताऱ्या माणसांना वर-खाली नेणारी ती खुर्ची. ते मापाचं काम मी एकवीस वर्षं केलं. आमच्या टॉडमॉर्डन गावच्या चढावरच्या दगडी घरांतले निम्मे जिने मला तोंडपाठ आहेत. त्या डिसेंबरात यादीतलं तिसरं नाव वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. वॉल्टर हॉल्डस्वर्थ.

याच घरी मी अकरा वर्षांपूर्वी माप घेतलं होतं, त्याच्या आईसाठी. हिल्डाबाई तेव्हा वरच्या खोलीत अडकून होत्या. कंबर मोडलेली, बाकी शुद्धीत अगदी चोख. मी वर गेले तर कोट-टोपी घालून पलंगाच्या काठावर बसलेल्या. "आजच बसवणार ना गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, तीन आठवडे लागतील. तिसऱ्या दिवशी वॉल्टरचा फोन आला. नको म्हणे खुर्ची, आई वरच बरी आहे, खाली आली की सारखी कटकट. मी नावावर काट मारली आणि पुढच्या घरी गेले. बाई आणखी चार वर्षं जगल्या. खाली आल्या त्या शवपेटीतूनच.

मला राग त्याचा होता. आणि त्या काट मारणाऱ्या माझ्या हाताचाही.

दार वॉल्टरनंच उघडलं. सत्तरी ओलांडलेला, हडकुळा, पण हातात कोळशाची भरलेली बादली. ताठ चालत होता. बैठकीत शेगडीशेजारी पलंग टाकलेला.

"तुला पायाचं काही दिसत नाही," मी फॉर्म काढत म्हटलं. "मग खुर्ची कोणासाठी?"

"लिही ना माझंच नाव. तुला काय करायचंय?"

"बसणाऱ्याचं वजन लागतं. गुडघ्याची उंची लागते."

त्यानं बादली खाली ठेवली आणि चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. बाहेर उजेड विझत आला होता. आमच्याकडे त्या दिवसांत पावणेचारलाच संध्याकाळ होते. आणि वर, बरोबर आमच्या डोक्यावर, ठोके पडले. तीन. जड, सावकाश. छताचा चुना माझ्या चहात पडला.

"गप्प बस!" वॉल्टर वर बघून ओरडला. मग माझ्याकडे वळला, आवाज एकदम खाली. "सात वर्षं झाली. रोज याच वेळी. तिला खाली यायचंय. येऊ दे एकदाची, आणि निघून जाऊ दे."

"जिवंत होती तेव्हाही यायचं होतं तिला."

"तू माप घ्यायला आलीयस. माप घे."

घेतलं. रागानं घेतलं, म्हणून तर भीती वाटायला उशीर झाला. जिन्याच्या माथ्यावर टेपचं टोक शिशाच्या वजनाखाली दाबायचं आणि टेप सोडत खाली यायचं, अशी आमची पद्धत. वर कुबट लोकरीचा वास होता, त्याखाली कापूर, आणि त्याच्याही खाली न बदललेल्या चादरींचा. खोलीचं दार बंद. मी त्याकडे पाहिलं नाही. टोक दाबलं, खाली आले, शेवटच्या पायरीशी टेप ताणली.

टेप उलटी ताणली गेली.

आधी हलकेच. कोणी टोक बोटांत धरावं तशी. मग हिसका. आणखी एक. पोलादी पट्टी माझ्या तळव्यात रुतली, रक्त आलं. वर अंधारात काही दिसत नव्हतं. आवाज मात्र आला. म्हातारीचा, कोरडा, दात आवळून बोलल्यासारखा.

"अकरा वर्षं लागतात होय गं?"

माझ्या हातून टेप सुटली. सळसळत वर गेली आणि थांबली. आपटल्याचा आवाज झाला नाही...

मी तेव्हाच निघून जायला हवं होतं. पण मागे वॉल्टर कुजबुजला, "ऐकलंस ना? अशीच आहे ती. पहिल्यापासून!" आणि माझा तोल गेला.

"वर जा," मी म्हटलं. "जा आणि माफी माग."

"मी नाही जात..."

"मग मर इथेच ठोके ऐकत. मी माप देणार नाही, दुसरं कोणी आलं तर त्यालाही सांगेन."

कठडा धरून तो चढला. दारापाशी पोचायच्या आधीच दार उघडलं. "आई," तो म्हणाला, "मी... हे बघ..." आणि दार लागलं.

मी खाली उभी. घड्याळ नव्हतं, पण शेगडीतला कोळसा दोनदा ढासळला. वरून बोलणं येत होतं, एकट्या वॉल्टरचं. आधी वाद घातल्यासारखं, मग विनवणी, मग नुसतं "नको... नको..." त्यानंतर ठोके. तीन. पण आता पुरुषाच्या मुठीचे.

मी धावत वर गेले. दाराला कडी नव्हती. तो पलंगावर उताणा, डोळे कोपऱ्याकडे. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"पाय," तो म्हणाला. "पाय हलत नाहीत."

रुग्णवाहिका आली. दोन तगडे गडी, त्यांच्या उचलायच्या खुर्चीला पट्ट्यांनी बांधून त्याला उतरवायला लागले. पाचव्या पायरीवर पुढचा गडी थांबला, मान लाल झालेली. "अरे, हा आहे किती जड?"

"काडी आहे तो," मागचा धापा टाकत म्हणाला. "मला कळत नाही..."

"उतरवा तिला!" वॉल्टर किंचाळला. हात हवेत, कोणाला तरी ढकलत. "माझ्या मांडीवर बसलीये! उतरवा!"

एकेक पायरी करकरत होती. शेवटची संपली आणि खुर्ची एकदम अशी हलकी झाली की दोघं भिंतीवर आदळले. पुढचं दार आपोआप भिंतीशी जाऊन आपटलं. बर्फाळ वारा आत आला, की काही बाहेर गेलं, मला सांगता येणार नाही.

वॉल्टरच्या पायात डॉक्टरांना काही दोष सापडला नाही. पायांतलं बळ मात्र परत आलं नाही. आता तो हॅलिफॅक्सच्या एका वृद्धाश्रमात आहे. तळमजल्यावर. झोप छान लागते म्हणे.

मी त्या संध्याकाळी हाताला रुमाल बांधला आणि गाडीत बसले. दरी उतरायला लागले तशी गाडी वाजू लागली, शेजारच्या जागेवर माणूस असून पट्टा लावला नसला की वाजते तशी. त्या जागेवर काही नव्हतं. माझी पिशवीसुद्धा मागे होती. मी काचा उघडल्या, रेडिओ मोठा केला. टिक, टिक, टिक. दोन मैल.

शेवटी मी गाडी कडेला घेतली, तिकडे न बघता हात लांब केला, पट्टा ओढून अडकवला. आवाज थांबला.

पट्टा सीटच्या पाठीला सपाट टेकला नव्हता. चांगला वीतभर पुढे उभा होता... आणि संथपणे वर-खाली होत होता.