नोंद्याने शून्य गुण दिलेली वही

राणीबोडीत पाणी होतं. मासे सोडले होते, एकदा नाही, तीन वर्षांत तीनदा. तरी राणीबोडीत मासे नव्हते.

सांगा पाहू, कसं काय?

घाई करू नका. या कोड्यापुढे मोठमोठी माणसं हात टेकून बसली होती, आणि खुर्चीत बसून टेकली होती.

साल होतं २०५७. भंडाऱ्याच्या बाजूला, धानाच्या शेतांच्या मधोमध बोरटोला नावाचं गाव आहे. राणीबोडी हा त्या गावचा जुना तलाव. यामिनी तिथलीच, अकरा वर्षांची. तिची आई कुसुम बायांच्या मच्छीमार सोसायटीची प्रमुख. पण सोसायटीच्या जाळ्यात येत काय? चार-दोन लुकडे गवत्या मासे. मरळ नाही, शिंगूर नाही. पूर्वी याच पाण्यात हे मासे आपोआप वाढत, कोणी सोडावे लागत नसत.

येत्या सोमवारी ग्रामसभा होती. विषय एकच : बोडी बुजवून तिथे मालवाहू ड्रोन उतरवायचा तळ करायचा का?

"मासे परत कसे येतील ते कोणी दाखवलं तर एक वर्ष देतो," सरपंच आधीच म्हणाले होते. "नाही तर रिकाम्या पाण्याकडे किती दिवस पाहत बसायचं?"

हे ऐकलं त्या दिवशी कुसुमने घरी येऊन जाळं धुतलं, वाळवलं, गोणीत भरलं आणि दाभण घेऊन गोणीचं तोंड शिवायला बसली.

"माय, गोणी कायले शिवते?" यामिनीने विचारलं.

"नागपुरात कामाले जायचं तर जाळ्याचं तिथं काय करू बाई?" मायने मान वर केली नाही.

यामिनीला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. शनिवारी सकाळी ती पहिल्या बसने तालुक्याच्या गावी गेली. तिथे झाडीपट्टी विद्यापीठ आहे, आणि त्या विद्यापीठात तिचे आबाजी, म्हणजे मायचे वडील, काम करत.

लटारू आबाजी चाळीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायला लागले. नळ्या धुता धुता यंत्रं दुरुस्त करायला शिकले, दुरुस्त करता करता बनवायला शिकले. कागदावर ते अजून परिचरच. नावापुढे डॉक्टर नाही, म्हणून त्यांच्या खोलीला पाटी नाही. पाटीने कोणी शास्त्रज्ञ होत नाही आणि पाटी नसली म्हणून कोणाचं शास्त्र अडत नाही. हे लक्षात ठेवा, शाळेत कोणी सांगणार नाही.

आबाजींनी विद्यापीठासाठी एक मुक्त भांडार उभं केलं होतं (मुक्त भांडार म्हणजे विद्यापीठातल्या माणसांनी केलेलं काम जिथे जपून ठेवतात आणि कोणालाही फुकट पाहू देतात अशी जागा). त्याची राखण करायला त्यांनी एक यंत्रमानव बनवला होता. चार चाकं, बगळ्यासारखी लांब मान, पोटावर पडदा. नाव नोंद्या.

यामिनीने सगळी हकीकत सांगितली. आबाजींनी बिडीसारखा कानावर ठेवलेला पेचकस (स्क्रू-ड्रायव्हर) काढला आणि नोंद्याकडे रोखला. "नोंद्या, ऐकलं ना? शोध."

नोंद्याची मान फिरली. "राणीबोडी. मासे. शोध पूर्ण. एक शोधनिबंध सापडला. गुण शंभर. निष्कर्ष : राणीबोडीचे पाणी माशांस योग्य आहे."

"पाणी योग्य हाय हे आमालेबी ठावं हाय!" यामिनी चिडली. "मग मासे कुठं गेले?"

"शोधनिबंधात ती माहिती नाही. धन्यवाद. पुन्हा या."

"पुन्हा या म्हणे! आबाजी, याले इतकंच येते?"

आबाजी हसले. "त्याला सारं येते. पण दाखवताना तो गुण पाहून दाखवते. सात जणांची समिती बसली होती. एका दुपारी, दोन चहांच्या मधात, त्यांनी ठरवलं की छापलेल्या शोधनिबंधाला शंभर गुण, प्रबंधाला साठ, नकाशाला वीस, गाण्याला पाच, चित्राला पाच. आणि फसलेल्या प्रयोगाला शून्य."

"अन् शून्यवालं?"

"शून्य गुणांच्या वस्तू पडद्यावर येत नाहीत," नोंद्या अदबीने म्हणाला. "वाचकांचा वेळ वाचतो."

यामिनी त्याच्या पोटासमोर जाऊन उभी राहिली. "माझा वेळ नको वाचवू. शून्यवालं दाखव. सगळंच दाखव. मासे म्हणून नको शोधू, राणीबोडी म्हणून शोध. तिथं बसून ज्यानं जे काही केलं ते."

नोंद्याची मान दोनदा पुढेमागे झाली. असा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

"असं शोधता येते का?" यामिनीने आबाजींना हळूच विचारलं.

"येते. प्रत्येक वस्तूला मी नोंदपट्टी लावली आहे (नोंदपट्टी म्हणजे वस्तू कोणी केली, कधी केली, कुठे केली हे सांगणारी चिठ्ठी). लोक पट्टीवरचा विषय तेवढा वाचतात. ‘कुठे’ आणि ‘कधी’ कोणी वाचतच नाही. वनस्पतीवाल्यांचं वनस्पतीवाल्यांकडे, गाणंवाल्यांचं गाणंवाल्यांकडे. पन्नास पावलांवर इमारती, पण एकमेकांच्या दारात जायची लाज वाटते शहाण्यांना."

पडदा भरला. राणीबोडीवर बसवलेलं एक नाटक. एका मुलाने काढलेले ढगांचे फोटो. बोडीच्या बांधाचा नकाशा. १९९८ साली मराठी विभागाने ध्वनिमुद्रित केलेलं गाणं. २०३१ सालचं एक रंगीत चित्र. आणि २०३१ सालचीच एक वही, गुण शून्य.

"ही वही मी रद्दीच्या ढिगातून उचलली होती," आबाजी म्हणाले. "हेमलता दुधपचारे नावाची मुलगी होती, वनस्पतिशास्त्राची. प्रयोग फसला म्हणून तिच्या सरांनी तिला विषय बदलायला लावला. ती विद्यापीठच सोडून गेली."

वहीत हेमलताने लिहिलं होतं : ‘राणीबोडीत चिला (पाण्याखाली वाढणारी हिरवी वनस्पती) नाहीसा झाला आहे. मी सहाशे रोपं लावली. त्यातली चाळीस बारीक जाळीच्या कुंपणात लावली. एकोणीस दिवसांनी पाहिलं. कुंपणातली चाळीसही जिवंत. बाहेरचं एकही नाही. देठ कात्रीने कापल्यासारखे. ढोरं इतक्या खोलात येत नाहीत. कारण कळलं नाही.’

"कुंपण कायले घातलं असंल?" यामिनीने विचारलं.

"याला तुलना म्हणतात. दोन्हीकडे पाणी तेच, माती तीच, रोपं तीच. फरक एकच, जाळी. मग आत जगलं अन् बाहेर मेलं, तर दोष पाण्याचा की मातीचा?"

यामिनीने बोटाने हवेतच जाळी काढली. "दोघांचाबी नाही. जाळीतून जे आत जाऊ शकत नाही, त्याचा."

"शाबास! मग हा प्रयोग फसला कुठे? त्यानं अर्धं उत्तर दिलं होतं. अर्ध्या उत्तराला आपण शून्य दिलं."

यामिनीने गाणं लावायला सांगितलं. खरखर आवाज आला, मग कोण्या भागरताबाईंचा खणखणीत गळा.

चिल्याच्या झुडपात मरळ नांदते
लाल लाल पोरांचं घर ती बांधते
चिला नको तोडू माझ्या सोयऱ्या
उघड्यावर लेकरं कोण सांभाळते

यामिनीने शेवटची ओळ पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाली, "आबाजी, आमची बोडी आरशासारखी साफ हाय. काडी नाही पाण्यात. आम्ही पाहुण्यांले कौतुकानं दाखवतो."

"आरशात कोण अंडी घालणार?" आबाजी म्हणाले.

आता राहिलं चित्र. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई, मागे राणीबोडी. चित्रकला विभागातल्या मुलाने ते रंगवलं होतं. नोंद्याने नोंदपट्टी वाचली. "विषय : स्त्री. स्थळ : राणीबोडी. दिनांक चौदा ऑगस्ट २०३१. गुण पाच."

"हेमलताची रोपंही ऑगस्टातलीच," आबाजी पुटपुटले.

यामिनी मात्र बाईकडे पाहतच नव्हती. ती टोपलीत पाहत होती. टोपलीतून तीन शेपट्या आणि एक डोकं बाहेर आलं होतं. त्या मुलाला माशाचं नाव ठाऊक नसेल, पण त्याने खवला न् खवला रंगवला होता.

"आबाजी! हा गवत्या हाय!" ती ओरडली. "गवत खाणारा! हेमलताताईनं रोपं लावली तवा बोडीत हे होते. त्यांनीच खाल्ली!" आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आबाजी... आताबी तीन वर्षं सरकारी पाकिटातून बोटुकली येते (बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं). त्यात गवत्याच जास्त असते. तलाव साफ राहते म्हणून. मंग चारा संपला का तेबी उपाशी मरते. माय आपल्या हातानं सोडते."

आबाजींनी पेचकस पुन्हा कानावर ठेवला. मग म्हणाले, "हेमलताला मासा ठाऊक नव्हता. चित्रकाराला रोपं ठाऊक नव्हती. भागरताबाईला दोन्ही ठाऊक होतं, पण तिला कोणी विचारलं नाही. जाळ्याचे दोरे कितीही मजबूत असू दे, गाठी नसल्या तर मासा अडकते का?"

"नाही."

"मग? दोरे साऱ्यांनी विणले. गाठ तू मारली."

"माझे निरीक्षण असे आहे," नोंद्या मधेच म्हणाला, "की हा अंदाज आहे. पुरावा नाही."

"बरोबर बोलला बापा," यामिनी म्हणाली. "पुरावा करू."

रविवारी तिने मायला सगळं सांगितलं. कुसुमने ऐकून घेतलं आणि भिंतीला पाठ टेकली.

"म्हणजे मीच बोडी उजाड ठेवली?"

"तू नाही वो माय. तुले कोणी सांगितलंच नाही."

"सांगायले काय झालतं त्यांले? दर साली येऊन फोटो काढून जात!" कुसुम उठली. तिने विळा घेतला आणि गोणीची शिवण उसवली. "चल. एक गवत्या पाहिजेन ना तुले? दोन देतो."

सोमवारी ग्रामसभेत मंचासमोर काचेच्या दोन टाक्या ठेवल्या होत्या. दोन्हीत शेजारच्या गावच्या तलावातला चिला, सारखाच वजन करून. एका टाकीत आदल्या सकाळपासून उपाशी ठेवलेला गवत्या. दुसरीत मासाच नाही. सरपंच बोलायला उभे राहिले. ड्रोन, प्रगती, आभाळाला गवसणी, असं बरंच बोलले. पण मुलं मंचाकडे बघेनात. मग बायाही बघेनात.

"अरे, हा तं बैलावानी चरते!" मागून एक म्हातारा ओरडला.

सरपंचांचं भाषण लांबलं आणि पहिल्या टाकीतला चिला आखडला. भाषण संपलं तेव्हा तिथे चार बोडके देठ उरले होते. दुसरी टाकी तशीच हिरवीगार. यामिनीने हेमलताची वही वाचून दाखवली, भागरताबाईंचं गाणं ऐकवलं, चित्र फिरवलं. एका आजीने गाण्याची पुढची ओळ स्वतःच म्हटली.

सरपंचांनी चष्मा काढून टाकीत पाहिलं. "आणि ड्रोन?"

"पहाडीखाली खडकाळ रान पडलं हाय, तिथं उतरवा," कुसुम म्हणाली. "ड्रोनले पाणी लागत नाही, सरपंच. मरळीले लागते."

सभा हसली. वर्ष मिळालं.

त्या वर्षात बायांनी जाळी टाकून एकूण एक गवत्या काढला. जाळीच्या कुंपणात चिला लावला, तो पसरला, मग कुंपणं काढली. बाजूच्या तलावातून मरळीच्या सहा जोड्या आणून सोडल्या. बोडी आता आरशासारखी दिसेना. पाहुणे नाक मुरडत. बाया म्हणत, मुरडा.

नोंद्याने हेमलताताईंचा पत्ता शोधला. त्या आता पुण्याला शाळेत शिकवत होत्या. यामिनीने त्यांना लिहिलं : ‘तुमचा प्रयोग फसला नव्हता. बाकीचं उत्तर शेजारच्या इमारतीत होतं.’ उलट टपाली एक ओळ आली : ‘माझ्या वर्गाला घेऊन बोडी पाहायला येते.’

टाक्यांचं चित्रण भांडारात ठेवायला यामिनी गेली तेव्हा नोंद्याने विचारलं, "राणीबोडीच्या प्रकरणानंतर गुण ठरवणारी समिती बरखास्त झाली आहे. यास किती गुण देऊ?"

"गुण नको देऊ. कोणी केलं, कुठं केलं, कधी केलं, ते लिही. पुढं कोणाले कायले लागंल, हे तुले ठावं हाय का?"

"नाही."

"मलेबी नाही. म्हणून सारं ठेव."

पुढच्या वर्षी पाऊस जोरात असताना एका सकाळी कुसुमने यामिनीला हाक मारली. बांधाजवळ चिल्याच्या झुडपात पाणी लाल दिसत होतं. लाल ठिपके, शेकडो, एकत्र हलणारे. मरळीची पिल्लं. खाली दोन काळ्या सावल्या त्यांना राखत फिरत होत्या.

मायलेकी कितीतरी वेळ ओणव्या राहून पाहत होत्या. यामिनी बोलायला गेली तर मायने तिच्या तोंडावर हात ठेवला, पिल्लं बिचकतील म्हणून. मग हात काढून हळूच म्हणाली,

"वही आणली का? लिही. राणीबोडी. आजची तारीख टाक."