समुद्राकडची खोली

दिवा राहू द्या रे, मालवू नका. आणि सांगताना मध्येच कुणी बोलायचं नाही.

आमच्या दुकानाला लागून एका घड्याळजीचं दुकान होतं, त्याची ही गोष्ट. थापा मारणाऱ्यातला नव्हता तो. दोन मिनिटं मागे पडलेलं घड्याळही त्याला खपायचं नाही.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताईनं साठी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता. म्हणून एकदाचं ठरलं, तीन दिवस दूरच्या एका बेटावरच्या शहरात जाऊन यायचं. पहिल्या दिवशी बंदर आणि दीपस्तंभ, दुसऱ्या दिवशी काचेच्या तळाची बोट, तिसऱ्या दिवशी नुसतं नारळांखाली लोळायचं. बॅगा अजून माळ्यावरच, पण ताईची टोपी विकत आणून झाली होती.

“समुद्राकडचीच खोली घे हं. भिंत बघायला मी एवढ्या लांब येणार नाही,” असं बजावून ती आत झोपायला गेली.

शनिवार होता, फेब्रुवारीची सोळा. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. घड्याळजीनं बेटावरच्या एका लॉजला फोन लावला. तिथली मॅनेजरबाई मोठी बोलकी.

“समुद्राकडची खोली ना? आहे की. किती जण?”

“दोघंच. मी आणि माझी ताई.”

“बरं. त्यांना जरा हळू बोलायला सांगा ना, तुमचं नीट ऐकू येत नाहीये.”

तो हसला. “अहो, ताई कधीच झोपली.”

“मग मागे कोण बोलतंय?”

त्यानं मान वळवली. स्वयंपाकघरात अंधार. टीव्ही बंद. आतून ताईचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं.

“काय... काय म्हणतंय?”

“नीट कळत नाही. कुणी म्हातारी बाई आहे. दम लागलाय तिला. ‘समुद्राकडची नको’ म्हणते.”

घड्याळजी खुर्चीतून उठून उभा राहिला.

“अहो, घरात कुणी नाही!”

“आहे हो. आता जवळ आली. तुमच्या अगदी कानाशी...”

तो हलला नाही. मान वळवायची हिंमत होईना. ताईचं घोरणं थांबलं होतं.

“हॅलो?”

पलीकडे नुसता श्वास. मग बाई कुजबुजली.

“फोन ठेवा. ठेवा हो... ती माझं नाव घेतेय.”

फोन बंद.

तो भिंतीला धरून ताईच्या दारापर्यंत गेला. ती कुशीवर झोपली होती. श्वास चालू होता. तो तिथंच उंबऱ्यावर बसला... उजाडेपर्यंत.

सकाळी लॉजच्या मालकाचा फोन आला. “काल रात्री आमच्या बाईला काय सांगितलंत तुम्ही? चप्पलसुद्धा न घालता पळाली. म्हणते, परत त्या समुद्राकडच्या खोलीत पाऊल ठेवणार नाही.”

घड्याळजीनं फोन ठेवला. बेटाचा बेत तिथंच संपला.

एवढ्यात आतून ताईची हाक आली. “अरे, हे बघ काय झालंय!”

ती पलंगावर बसून केस विंचरत होती. रात्री तेल लावून घातलेली वेणी, पण केस काथ्यासारखे ताठ झाले होते. कंगवा फिरवला की मांडीवर वाळू पडत होती.

घड्याळजीनं ती चिमूटभर वाळू एका डबीत भरून ठेवली. सहा वर्षांनी त्यानं मला ती डबी उघडून दाखवली. मी बोट लावून पाहिलं...

ओली होती.