फार स्वच्छ ऐकणारी जोडी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्या रांगेत बसून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण हिच्यात मोठा आवाज कुठेच नाही. गोष्ट माझ्या घरच्या माणसांची आहे. जेवढं कानांनी ऐकलं तेवढंच सांगेन, पदरचं काही घालणार नाही.

माझा धंदा आवाज मुद्रित करण्याचा. तीस वर्षं मी गाऊन सांगितलेली प्रवचनं टिपली. पोटासाठी सभांमधली भाषणंही टिपली, पण जीव प्रवचनात. सांगणारा बोलता बोलता गायला लागतो, त्याच्या अलीकडे तो एक श्वास घेतो, आणि त्या श्वासाला अख्खं सभागृह थांबतं. देव शब्दात असेल, सुरात असेल. मला तो त्या मधल्या श्वासात सापडायचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी नेमका त्याच्या उलट वागलो.

माझे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान, छापखान्यात मुद्रितशोधक होते. मजकुरात एक वेलांटी चुकली तर त्यांना जेवण जात नसे. बासरी ही त्यांची हौस. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नऊ चाली बांधल्या, नऊच्या नऊ ताईसाठी. मग त्यांची फुप्फुसं बिघडली. डॉक्टरांनी ताईला बाहेर बोलावून सांगितलं, की थंडी निघाली तर देवाची कृपा म्हणायची. भावजींनी ते दाराआडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. चाली त्यांच्या घरीच मुद्रित करायच्या, ताईला मागे ठेवायला. अट एकच, श्वास ऐकू येता कामा नये.

"आयुष्यभर लोकांच्या चुका खोडल्या," ते म्हणाले. "आता ह्या छातीतलं घरघरणारं खुराडं बायकोच्या कानात ठेवून जाऊ का?"

"चाळीस वर्षं घोरून माझी झोप मोडली, तेव्हा नाही सुचलं हे," ताई आतून म्हणाली.

घरात वाद्य टिपायचं तर मी छोट्या पडद्याचे, म्हणजे आवाज झेलणारी आतली चकती छोटी असलेले, कंडेन्सर माइक घेतो. जाड पेन्सिलीएवढे असतात आणि जोडीने लावायचे, डावा-उजवा. मोठ्या पडद्याचा माइक भल्या माणसासारखा, ऐकलेलं थोडं गोड करून सांगतो. छोटा जे आहे ते सांगतो. बासरीला तोच हवा. पण तो श्वासही सांगतो, म्हणून तोंडासमोर न धरता दीड हातावर, जरा उंच, बोटांच्या भोकांकडे वळवून लावायचा.

मागची खोली निवडली. खिडकीवर रजया टांगल्या, भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात ठेवलं. भावजी खुर्चीत, ताई शेजारी स्टुलावर, सुरांचे कागद उलटायला. मी दार लावून स्वयंपाकघरात, कानांवर हेडफोन. वेळ दुपारी तीनची, रस्त्यावर वर्दळ नसते तेव्हाची. सुरुवातीला सगळ्यांना बाहेर काढून मी रिकाम्या खोलीचं एक मिनिट टिपून ठेवतो. मागाहून कुठे सांधा जोडावा लागला तर ती शांतता उपयोगी पडते. एरवी ते मिनिट कोणी ऐकत नाही. मीही कधी ऐकलं नव्हतं.

पहिली जोडी दुकानातून नवी आणली होती. तिच्यात नळ किंचित उघडा राहिल्यासारखी सळसळ होती. दुसरी एका स्नेह्याची, चांगल्यातली. तिने बासरीवरची नखंसुद्धा ऐकली, पण भावजींचा श्वास करवतीसारखा आला. मी ती पुढे-मागे, वर-खाली, सगळीकडे लावून पाहिली. भावजींनी हेडफोन लावून अर्धं मिनिट ऐकलं, काढून ठेवले आणि बासरी पिशवीत घातली.

तेव्हा मी डाखकाकांकडे गेलो. माइक आणि रेडिओ दुरुस्त करणारे हे माझे जुने स्नेही. बोटांना कायम डाख, म्हणजे तारा जोडायचं कथील, चिकटलेला, म्हणून हे नाव. त्यांनी फडताळातून एक लाकडी डबी काढली. आत जुनी जोडी, दोन्हींवर लागोपाठचे क्रमांक. एक म्हातारी बाई दुरुस्तीला ठेवून गेल्या होत्या, पुन्हा आल्याच नाहीत. काय बिघडलंय असं मी विचारलं.

"काहीच नाही. फार स्वच्छ ऐकतात, एवढीच तक्रार होती त्यांची," डाखकाका म्हणाले. "नेतोस तर ने. परत आणायची घाई करू नकोस."

पहिली चाल त्या जोडीवर टिपली. बासरी अशी आली, की बांबूचा रंग दिसावा. कागद उलटल्याची सरसर आली. दोन ओळींच्या मधे मात्र काहीच नव्हतं. एक हेडफोन बाजूला केला तर दाराच्या फटीतून भावजींची घरघर स्पष्ट ऐकू येत होती. कानावर ठेवला की नाहीशी.

मी दार उघडून स्वयंपाकघरातूनच भावजींना माइकला तोंड लावून जोराने श्वास सोडायला सांगितलं. यंत्राचा काटा हलला नाही. त्यांनी चुटकी वाजवली, तर टोकाला गेला.

जाड, खालच्या पट्टीतले आवाज ही जोडी गाळत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण गाळणारा माइक बासरीचे खालचे सूरही खातो. ते तर सगळे होते. हे मला तेव्हाही कळत होतं. भावजींच्या तोंडावर महिन्यांनी हसू आलं होतं आणि मी गप्प बसलो.

आठवड्याला दोन चाली होऊ लागल्या. प्रत्येक वेळी ते खुर्चीतून उठायला आधीपेक्षा जास्त वेळ घेत. चौथ्या चालीनंतर जिना सुटला. सहाव्यानंतर ते बसूनच झोपू लागले. आजारच तसा होता, कोणीही हेच म्हणालं असतं. पण रेकॉर्डिंग नसलेल्या आठवड्यात त्यांची तब्येत जराही खालावली नाही, हे मी डायरीत पाहिलं. ताईने डायरी न पाहता ओळखलं.

तिने मला जिन्यात गाठलं. "पुरे कर हे. मला चाली नकोत, ते हवेत."

मी आत जाऊन म्हटलं, उरलेल्या दोन चाली दुसऱ्या जोडीवर घेऊ, श्वास आला तर येऊ द्या. भावजींनी मान हलवली.

"चूक दिसत असताना पान छापायला सोडत नाही मी," ते म्हणाले. एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

मी ऐकलं त्यांचं. तिचं ऐकायला हवं होतं.

नवव्या चालीच्या दिवशी भावजींना आम्ही दोघांनी धरून आधी स्वयंपाकघरात बसवलं. रिकाम्या खोलीचं मिनिट होईपर्यंत ते कोमट पाण्याचे घोट घेत होते. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग दोघं आत गेली. दार हलून वाजू नये म्हणून मी बाहेरून कडी घातली.

चाल संथ होती, चार ओळींची. अशी बासरी मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती. तिसऱ्या ओळीला डोळे भरून आले. चौथी ओळ शेवटच्या सुरावर टेकली, सूर हळूहळू विरला.

मी हेडफोन काढले.

ताई आतून दार बडवत होती. मी कडी काढली.

"दुसऱ्या ओळीलाच बासरी मांडीवर ठेवली रे त्यांनी," ती म्हणाली. "केव्हाची हाका मारतेय. तुला ऐकू येत नव्हतं?"

भावजी खुर्चीत होते. बासरी मांडीवर, आडवी. हात गार होता.

मुद्रण मी नंतर तपासलं. चारही ओळी आहेत. ताईची एकही हाक नाही.

पंधरा दिवसांनी ताईने चाली ऐकायला मागितल्या. मी तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. पहिली चाल संपायच्या आत तिने ते उतरवले.

"सुरेख आहे," ती म्हणाली. "पण ह्यात ते नाहीत. कुठे खोकला, कुठे घरघर राहिली असेल तर ती दे मला. तेवढीच दे."

घरी येऊन मी सगळं शोधलं. नऊ चालींत काही नव्हतं. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. शेवटचा उपाय म्हणून मी त्या जोडीवरची रिकाम्या खोलीची मिनिटं लावली.

पहिल्या दिवशीच्या मिनिटात कोणीतरी श्वास घेत होतं. हलका, म्हाताऱ्या बाईचा असावा तसा.

मधल्या दिवसांच्या मिनिटांत तिच्याजवळ भावजींची घरघर होती, दर वेळी आधीपेक्षा मोठी.

शेवटच्या दिवसाचं मिनिट लावलं. त्या मिनिटाला भावजी माझ्यासमोर पाणी पीत होते, हे मी शपथेवर सांगेन. घरघर अगदी माइकजवळून येत होती. ती म्हातारी डाव्या हाताला. आणि उजवीकडे, जिथे स्टूल होतं तिथून, तिसरा श्वास.

तो ओळखायला मला वेळ लागला नाही. लहानपणी मी आणि ताई एकाच खोलीत झोपायचो. श्वास संपताना तिच्या नाकात बारीकसं टक् वाजतं. अंधारात मी घाबरलो की ते ऐकायचो. ते वाजलं की ताई आहे, झोपायला हरकत नाही.

नऊ दुपारी ती त्या स्टुलावर बसली होती. जोडी तिचाही श्वास ऐकत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

ताईला मी सांगितलं, काही सापडलं नाही. जोडी डाखकाकांकडे नेली. त्यांनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. डबी आता माझ्या कपाटात आहे. मोडून टाकावी म्हणून दोनदा हातोडी घेतली. पण आत जे आहे त्याचं काय होईल, हे मला कोण सांगणार? रोज प्रार्थना करून डबीवर हात ठेवतो, एवढंच जमतं.

ताई रोज दुपारी फोन करते. कालही केला. गुडघे दुखतात म्हणाली, शेजारच्या बाईची नक्कल करून हसली, मी वेळेवर जेवत नाही म्हणून बोलली. तब्येतीचं विचारलं तर म्हणाली, बरी आहे रे, जिना तेवढा चढवत नाही. मी फोन कानाशी घट्ट धरून तिच्या दोन वाक्यांच्या मधे ऐकत होतो. इतकी वर्षं तिथे ते टक् असायचं.

काल तिथे काही नव्हतं. वाक्य संपत होतं, दुसरं सुरू होत होतं.

आता उठा, उशीर झाला असेल तुम्हाला. एकच मागणं आहे. आज हात जोडाल तेव्हा बोलण्याआधी जरा थांबा, एक श्वास घ्या, आणि माझ्या ताईची आठवण काढा. ती अजून आहे.