ब्रेक लागण्यापूर्वी

"ब्रेक लागला की माणूस नेमकं कुठं पडतं गं?"

सासूबाईंनी इतक्या सहज विचारलं, पण चमच्यात औषध ओतणाऱ्या सुनेच्या हातून दोन थेंब चादरीवर सांडले. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून तिच्या नवऱ्याने नुकतंच ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं होतं. बस कंपनीच्या वकिलाचं पत्र! बाईंच्या डोक्याला मार मागून बसला आहे, खुबा मोडला तोही मागे आपटून. ड्रायव्हरने ब्रेक मारल्यामुळे त्या पडल्या असत्या, तर पुढे पडायला हव्या होत्या, असं त्यात लिहिलेलं होतं.

"खुसपट काढायचं म्हणून काढायचं!" नवरा चिडून म्हणाला आणि दाव्यातल्या आपल्या वकीलबाईंना फोन लावत बाहेर गेला.

"सांग की," सासूबाई म्हणाल्या. "तुझाच तर धंदा हा."

खरंच, धंदा तिचाच होता. अपघात झाला की टेप घेऊन जायचं, रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा मोजायच्या, पत्र्याला पडलेले पोचे मोजायचे, आणि कोण किती वेगात होतं, कुणाच्या चुकीने कोण जखमी झालं, याचं गणित भरपाईच्या दाव्यांसाठी मांडून द्यायचं... लग्न होऊन आली तेव्हापासून सासूबाई तिला 'टेपवाली' म्हणत, आणि आल्यागेल्याला तिचं काम असं रंगवून सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्यावाचून गावातली एक गाडी हलत नसेल!

तिने औषधांचा ट्रे पलंगावर ठेवला, त्यात एक उंच बाटली उभी केली. "ही बाटली म्हणजे बसमधलं माणूस." ट्रे सावकाश पुढे सरकवला आणि एकदम थांबवला. बाटली पुढे कलंडली. "बस थांबते, पण अंगातला वेग थांबत नाही. म्हणून पुढे."

"आणि बस सुटली तर?"

तिने बाटली पुन्हा उभी केली आणि ट्रेला हिसका दिला. बाटली मागे आडवी झाली. "तेव्हा अंग जागेवरच राहू बघतं. म्हणून... मागे."

"अस्सं!" सासूबाई कितीतरी वेळ त्या बाटलीकडे बघत राहिल्या. "बाटलीचं बरंय बाई. तिला पुढं काय नि मागं काय!"

ती हसली नाही. तिला हसता येतच नव्हतं अलीकडे. त्या सकाळची बस क्षणभरही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, तिला कामावर उशीर होत होता, बसमध्ये बसायला जागा नव्हती. सासूबाईंनी नेहमीसारखं तिचं मनगट धरलेलं. दांडा असताना दांडा धरायचा नाही, सुनेचा हात धरायचा, ही त्यांची खोडच! आणि समोरच्या सीटवरच्या अनोळखी बाईला त्या ऐन रंगात येऊन सांगत होत्या, "ही आमची टेपवाली. सगळ्या जगाचं मोजमाप काढते, पण गॅसवरचं दूध रोज उतू घालवते!" आजूबाजूचे चार लोक हसले. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "सोडा ना हात! दांडा आहे की धरायला!" म्हणत तिने हात हिसडून घेतला, आणि नेमकी त्याच क्षणी बस थांब्यावरून सुटली... ती म्हातारी काया मागच्या पायरीच्या कडेवर आदळली तो आवाज! तिच्या तोंडून किंकाळी फुटली, आणि त्यानंतर, होय, त्यानंतर, ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला.

दवाखान्यात शुद्धीवर येताच सासूबाई पहिलं वाक्य बोलल्या, "ड्रायव्हरनं ब्रेक मारला रे... मी पडले." त्यांना काहीच आठवत नाही! तिला वाटलं, आणि किती निर्लज्जपणे तिचा जीव भांड्यात पडला! पुढे नवऱ्याने दावा लावला. ड्रायव्हरला कामावरून घरी बसवलं. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी तो फळांची पिशवी घेऊन दवाखान्याच्या दारात उभा राहिला होता, वयाने पिकलेला, खांदे पाडलेला माणूस... नवऱ्याने त्याला तिच्यादेखत हाकलून दिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. तेव्हाही ती बोलली नाही.

साक्षीत काय सांगायचं, ते तिने मनाशी घोटून ठेवलं होतं. 'ब्रेक लागला. आई पडल्या.' दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. क्रम तेवढा कुणी विचारू नये! ज्या कामात तिने जन्मभर इतरांच्या साक्षींतला हाच खोटेपणा शोधून काढला, त्याच कामाच्या जोरावर आता तिच्या शब्दाला वजन येणार होतं. आरशात बघायलाही तिला लाज वाटू लागली होती.

सुनावणीच्या दिवशी सासूबाईंना चाकांच्या खुर्चीतून आत नेलं. मागच्या बाकावर ड्रायव्हर बसला होता, जमिनीकडे बघत. कंपनीच्या वकिलाने बसच्या वेगाची नोंद वाचली: बस थांब्यावरून सावकाश सुटली, वेग घेण्याआधीच जोरात ब्रेक लागला. मग त्याने सासूबाईंना विचारलं, "ब्रेक लागला, तर आपण पुढे का नाही पडलात?"

"कशी पडेन?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "माझं तोंड मागं होतं. सून मागे उभी होती, तिच्याशी बोलत होते. बस थांबली, अंग बसच्या पुढच्या बाजूला गेलं. माझी मात्र तिकडं पाठ! पडले पाठीवर."

वकिलाने हातातली नोंद खाली ठेवली. नवऱ्याचा चेहरा उजळला, वकीलबाईंनी हळूच मान डोलावली.

तिने मात्र मनातल्या मनात तो ट्रे पुन्हा सरकवून पाहिला. गणित बिनचूक होतं! इतकं बिनचूक, की ते आठवून सांगितलेलं नव्हतंच, जुळवून सांगितलेलं होतं. सासूबाईंचं तोंड पुढेच होतं, त्या सीटवरच्या बाईकडे. ज्याला आपण कशाने पडलो ते ठाऊक नाही, तो कशाला स्वतःला उलटं फिरवून उभा करील? म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं... पहिल्या दिवसापासून! आणि ट्रेवर बाटली ठेवून हे खोटं शिकवलं कुणी? तिनेच! आपल्याला पाडणाऱ्या सुनेला वाचवण्यासाठी ही माऊली शपथेवर खोटं बोलत होती, आणि ती अजूनही क्रम लपवायच्या बेतात होती...

तिचं नाव पुकारलं गेलं.

"तुमच्या सासूबाई मागे तोंड करून उभ्या होत्या?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही."

"अगं..." सासूबाईंचा क्षीण आवाज आला.

"त्यांचं तोंड पुढे होतं," ती म्हणाली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी तिने आवाज पडू दिला नाही. "त्या पडल्या तेव्हा ब्रेक लागलेलाच नव्हता. बस सुटत होती. बस सुटताना माणूस मागे राहतं, त्याला आधार लागतो. त्यांना एकच आधार होता, माझा हात. तो मी रागाने हिसडून घेतला. त्या पडल्या, मी किंचाळले, आणि माझी किंकाळी ऐकून ड्रायव्हरने ब्रेक मारला. कंपनीच्या नोंदीतला तो ब्रेक आमच्या मदतीसाठी लागलेला आहे, साहेब!"

"याचा परिणाम काय होईल, कळतंय तुम्हाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कळतंय. आईंनी जे सांगितलं, ते माझ्यापायी. जी शिक्षा असेल ती मला द्या."

बाहेर व्हरांड्यात नवरा खिडकीशी पाठमोरा उभा राहिला. "त्या माणसाला मी दारातून हाकललं," तो न वळता म्हणाला. "आणि तू तिथंच उभी होतीस!"

"हो," ती म्हणाली.

"तिला काय बोलतोस? खोटं मी बोलले," सासूबाई म्हणाल्या.

ती खुर्चीपुढे खाली बसली, त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. "आई, तुम्हाला सगळं आठवत होतं?"

"डोकं फुटलं होतं माझं, फिरलं नव्हतं!" सासूबाईंचा हात तिच्या केसांवर आला. "शुद्धीवर आले तेव्हा तू भिंतीला टेकून उभी होतीस ना, तुझ्या तोंडाकडे बघवेना मला. वाटलं, खरं बोलले तर ही पोर या घरात पुन्हा मान वर करायची नाही. आणि माझंही चुकलंच की. चारचौघांत ते दुधाचं काढायला नको होतं... पण तुला वाचवताना मी त्या बिचाऱ्याचं घर बघितलं नाही गं. ते पाप माझं."

तो बिचारा तिथेच, थोड्या अंतरावर उभा होता. सासूबाईंनी त्याला हात जोडले, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता.

"ताई," त्याने चाचरत विचारलं, "म्हणजे... मी नाही पाडलं यांना?"

"नाही हो!"

"किंकाळी आधी का ब्रेक आधी, माझं मलाच आठवेना झालं होतं. तुम्ही सगळे म्हणालात ब्रेकनं पडल्या, तर मला वाटलं, असेल. माझ्याच पायानं झालं असेल. तेव्हापासून रात्री डोळा लागला की पाय आपोआप दाबला जातो बघा..." आणि तो पिकल्या केसांचा माणूस बाह्यांनी डोळे पुसत हमसून हमसून रडू लागला.

नवरा खिडकीपासून वळला. त्याने जाऊन त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. बायकोकडे त्याने पाहिलं नाही. पण थोड्या वेळाने खुर्ची पायऱ्यांवरून उतरत नाही म्हटल्यावर तो दोन पायऱ्या खाली जाऊन, वर तोंड करून, दोघींच्या पुढ्यात उभा राहिला.

सासूबाई धडपडत उठल्या. ती जवळ गेली आणि थबकली. "आई... कठडा आहे बाजूला."

"कठडा धरूनच चालायचं असतं, तर मग तू कशाला हवी होतीस? आण इकडे हात."

तिने हात पुढे केला. सुरकुतलेली बोटं नेहमीच्याच जागी, मनगटाभोवती बसली, आणि त्यांवर तिने आपला दुसरा हात घट्ट दाबला. "हळू," खालून नवरा म्हणाला, "मी आहे." एकेक पायरी करत तिघं खाली आली.

"पोचलो गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "सोड आता. हात दुखायला लागला माझा."

"नाही," ती म्हणाली.