दर शनिवारी बिघडणारी चौकट

प्रेरणा पहिल्यांदा आली तीच चिडून. लोहगड उतरून आमच्या ओट्यावर टेकली आणि फोन माझ्यासमोर धरला.

"मावशी, ही तुमच्याच मुक्कामाच्या खोल्यांची वेबसाइट ना? उघडली की नियमांची चौकट समोर येते, ती बंदच होत नाही. बटण पार पडद्याखाली गेलंय. खोली बुक करायची कशी?"

"माज्या भाच्यानं बनवलीय. स्वराज, ये रं भाईर!"

ती लोणावळ्याची, पुण्यात वेबसाइटचंच काम करणारी. चहा निवेपर्यंत तिने स्वराजला झापलं.

"उंचीला मर्यादा घाल. मजकूर आतल्या आत सरकू दे. आणि सगळ्याचं मार्जिन, म्हणजे कडेची मोकळी जागा, शून्य केलंयस, म्हणून चौकट कोपऱ्यात जाऊन बसते. तिला एकटीला मार्जिन ऑटो दे... येईल मधोमध."

"एकटीला?" तो हसला.

"चौकटीला!"

पुढच्या शनिवारी चौकट पुन्हा कोपऱ्यात. स्वराजने फोन केला, ती स्कूटीवरून आली, मार्जिनची तीच ओळ फाइलमध्ये खाली पुन्हा लिहून गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मग दोघं माझ्या हातचं पिठलं खात भांडायची — चौकटीमागचा अंधार किती गडद हवा, कोपरे किती गोल हवेत...

मला संशय होताच. लग्नाआधी आमच्या ह्यांच्या सायकलची साखळी नेमकी कार्ल्यात, माझ्या माहेरच्या दाराशीच पडायची. ती बसवणारे काळे हात अजून डोळ्यांपुढे आहेत. मुद्दाम सावकाश चालणारे.

पाचव्या शनिवारी प्रेरणाने स्वराजचा लॅपटॉप उघडतानाच बजावलं, "हे शेवटचं. पुन्हा बिघडली तर दुसरं कुणी बघ."

स्वराजचा चेहरा उतरला. "बरं," एवढंच म्हणाला आणि पाणी आणायला निघून गेला. अस्सा राग आला मला त्याचा!

शेवटचंच म्हणून प्रेरणा फाइल पहिल्यांदाच वरपासून वाचू लागली. मध्येच थांबली.

"मावशी... माझीच ओळ. चार वेळा. दर वेळी याने टिपणाच्या खुणांत कोंडून ठेवलीय. खुणांमधलं पानावर चालत नाही, दिसतही नाही. फाइल उघडेल त्यालाच दिसतं. आणि शेजारी लिहिलंय..." तिचा आवाज उतरला. "'ही बंद केली की ती येते.'"

स्वराज तांब्या घेऊन दारातच उभा होता.

"पाच शनिवार!" ती कडाडली. "सरळ बोलता येत नव्हतं?"

"तू सारखी चिडलेली... कधी बोलणार?"

"आताही चिडलेलीच आहे. बोल!"

"येत जा," तो तांब्याकडे बघत म्हणाला. "चौकट नीट असली तरी... माझ्यासाठी."

तिने खटाखट काहीतरी लिहिलं, लॅपटॉप मिटला, स्कूटीला किक मारली. कान मात्र लाल झाले होते.

स्वराजने फाइल उघडली. ओळ मोकळी केलेली होती. शेजारी, खुणांमध्ये, तिचं टिपण —

'याला पुन्हा हात लावलास तर बघ. शनिवारी येतेच आहे.'

चौकट तेव्हापासून जागची हललेली नाही.